बोरघाटाच्या पायथ्याचा हुन्नर

मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग कल्याण मागे टाकून उल्हास नदीच्या खोऱ्यात शिरला, की उजव्या हाताला माथेरानचा पसरट डोंगर, डाव्या हाताला भीमाशंकरापासून ढाकच्या कड्यापर्यंत उभी असलेली सह्याद्रीची भिंत आणि या दोहोंच्या मध्ये भाताच्या खाचरांचा सपाट मुलूख नजरेस पडतो. हा रायगड जिल्ह्याचा कर्जत तालुका. कर्जतेहून एक फाटा खोपोलीस जातो, आणि खोपोलीहून पश्चिमेस उतरत गेले म्हणजे खालापूर, चौक, मोहोपाडे या गावांवरून पाताळगंगेच्या काठची कारखान्यांची वसाहत लागते. पावसाळ्यातील धबधबे, बोरघाटातील बोगदे आणि माथेरानची झुकझुक गाडी यांसाठी या मुलखाची कीर्ती आहे, आणि ती यथार्थ आहे. मी मात्र मार्गशीर्षातील कोरड्या, स्वच्छ दिवसांत येथे आलो तो एका निराळ्या जिज्ञासेने. शेजारी शेजारी नांदणाऱ्या शेतांत आणि कारखान्यांत एकाला साधलेला हुन्नर दुसऱ्याच्या हाती कसा येतो, हे मला डोळ्यांनी पाहावयाचे होते.

या प्रश्नाचा पहिला व्यवस्थित विचार आल्फ्रेड मार्शल या आंग्ल अर्थशास्त्रज्ञाने आपल्या १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. शेफिल्ड येथे चाकू-कात्र्यांचे आणि स्टॅफर्डशायर परगण्यात चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने पिढ्यान् पिढ्या एकवटून का राहिले, याची त्याने मुख्यतः तीन कारणे दिली. कसबी कामगार जवळच मिळतात, पूरक धंदे आजूबाजूस उभे राहतात, आणि धंद्याची वर्मे शेजाऱ्यापाजाऱ्यांत पसरत जातात. पहिली दोन कारणे हजेरीपटावर आणि हिशेबाच्या वहीत दिसू शकतात. तिसऱ्याचा माग कोणत्याही दप्तरात लागत नाही. ज्ञानाचा हा प्रसार कोणाच्या हातून, कोणत्या वाटेने आणि कोणत्या अटींवर घडतो, हे जाणावयाचे तर त्या वाटेनेच चालावे लागते.

वाटेचा आरंभ मी नेरळपासून केला. नेरळजवळच्या मालेगाव येथे चंद्रशेखर भडसावळे यांची ‘सगुणा बाग’ आहे. अमेरिकेत अन्नप्रक्रियेचे शिक्षण घेऊन हे गृहस्थ आपल्या वडिलोपार्जित शेतीवर परतले, आणि १९८५ च्या सुमारास शहरातील माणसांना शेतावर मुक्कामास बोलावून शेतीच्या उत्पन्नास त्याची जोड देण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले ते २०२० साली. म्हणजे सरकारी कागदास जे सुचावयाचे होते ते एका शेताने तीन तपे अगोदर करून दाखविले होते. आज नेरळ-कर्जत परिसरात पाहुण्यांची सोय करणारी शेते ठायी ठायी दिसतात. त्यांतील प्रत्येकाने हा धडा मालेगावातच गिरविला असे म्हणता येणार नाही. परंतु असा व्यवसाय चालू शकतो ही खात्री शेजारच्या माणसाला पुस्तकाने पटत नाही, ती डोळ्यांसमोर चाललेल्या शेतानेच पटते.

याच बागेत भाताच्या लागवडीची ‘एसआरटी’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत आकारास आली, आणि माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. कोकणात परंपरेने राब भाजावयाचा, रोपे तयार करावयाची, खाचरात पाणी बांधून चिखलणी करावयाची आणि मग कंबर मोडेपर्यंत वाकून लावणी करावयाची, हा क्रम. या पद्धतीत आरंभी एकदाच गादीवाफे बांधतात, ते कायम ठेवतात, लोखंडी साच्याने त्यांवर ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांत थेट बी टोकतात, आणि कापणीनंतर धसकटांच्या मुळ्या उपटून न काढता जमिनीतच कुजू देतात. पुढच्या हंगामात त्याच वाफ्यांवर, नांगर न घालता, वाल किंवा हरभरा घेता येतो. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. जमिनीत राहिलेल्या मुळ्यांनी सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळे परत येतात आणि मजुरीचा मोठा भार उतरतो. यातील अवघड भाग तणांचा. चिखलणीने जे तण दबते त्याचा बंदोबस्त येथे तणनाशकाने आणि हाताने, वेळ साधून करावा लागतो, आणि ती वेळ कोणती हेच या पद्धतीचे खरे वर्म आहे.

एका शेतकऱ्याच्या बांधावर मी उभा होतो. नुकत्याच निघालेल्या भाताच्या धसकटांमधून वालाचे कोवळे वेल वर येत होते. ‘दादा, हे तुम्ही कुठे शिकलात?’ असे विचारल्यावर त्यांनी प्रशिक्षणवर्गाचे नाव घेतले खरे, पण लगेच पलीकडच्या शेताकडे बोट दाखविले. ‘वर्गात ऐकलं, पण धीर झाला तो त्यांचं पीक पाहून. आमचा बांध एकच ना. पहिल्या वर्षी माझ्याकडे तण माजलं, तेव्हा तेच येऊन सांगून गेले की फवारणीला आठवडाभर उशीर झाला.’ वर्गाने त्यांना कृती दिली होती. ती कोठे चुकते हे शेजाऱ्याने सांगितले. वरच्या खाचरातील पाणी बांधातून पाझरून खालच्या खाचरात उतरते, तसे हे ज्ञान उतरत होते. मात्र त्याला बांध एक असावा लागतो, आणि बांधावरची दोन माणसे एकमेकांशी बोलणारी असावी लागतात.

नेरळहून कर्जतेस आलो. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढविण्यासाठी मागून जादा इंजिने जोडण्याचे हे ठाणे, आणि फलाटावर त्या खोळंब्यात खपणाऱ्या वडापावासाठी प्रसिद्ध. परंतु कर्जतचे नाव कोकणातील शेतकऱ्याच्या तोंडी असते ते भाताच्या वाणांमुळे. येथील भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे. पुढे १९७२ साली दापोली येथे कोकणासाठी कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि हे केंद्र त्याच्या कक्षेत आले. ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’ अशी गावाचे नाव धारण केलेली वाणे येथून निघाली आणि घाटाखालच्या खाचराखाचरांतून पसरली. भात हे मुख्यत्वे स्वपरागीभवन करणारे पीक असल्यामुळे सुधारित वाणाचे बी घरच्या कणगीत राखून पुढच्या वर्षी पेरले तरी वाण बहुतांशी शुद्ध राहते. एका शेतकऱ्याने केंद्रातून आणलेली पिशवी काही हंगामांत साऱ्या वाडीचे बियाणे होऊ शकते. ज्ञान येथे दाण्यात साठविलेले असते आणि पायलीने मोजून शेजाऱ्यास देता येते. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा आणि आपसांत देवाणघेवाण करण्याचा हक्क मान्य केला आहे, तो याच जुन्या रिवाजास मिळालेली सनद होय.

याच केंद्राने १९९८ साली ‘सह्याद्री’ हे संकरित भात दिले, आणि त्याची रीत अगदी वेगळी आहे. दोन भिन्न कुळींच्या संकरातून पहिल्या पिढीत येणारा जोम दुसऱ्या पिढीत टिकत नाही. घरचे बी पेरले तर शेतात उंच-बुटकी, लवकर-उशिरा पिकणारी रोपे एकत्र दिसतात. संकरित बियाणे दर वर्षी नव्याने घ्यावे लागते, म्हणून ते पायलीने पसरत नाही. मात्र ते बियाणे तयार करण्याची क्रिया, म्हणजे नर व मादी ओळी नेमक्या अंतराने पेरणे, दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी यावा यासाठी तारखा साधणे, परकी रोपे वेळेवर उपटून काढणे, ही शिकलेली माणसे गावात राहतात. एकाच कुंपणाआड जन्मलेल्या या दोन वस्तूंनी मला एक भेद शिकविला. काही ज्ञान वस्तूत उतरते आणि वस्तूबरोबर फिरते. काही ज्ञान माणसाच्या अंगात मुरते आणि माणूस जाईल तेथवरच जाते.

कर्जतच्या पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशी भिवपुरीचे वीजगृह आहे. घाटमाथ्यावर आंध्रा नदी ठोकरवाडी येथे अडवून, पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे तिचे पाणी पश्चिमेस कड्यावरून खाली सोडण्याची ही टाटांची योजना १९२२ मध्ये सुरू झाली. वीज निर्माण करून मोकळे झालेले पाणी उल्हास नदीत येते, आणि त्याच पाण्यावर राजनाला कालव्याने कर्जत तालुक्यातील अनेक गावांना उन्हाळी भात घेता आले. केवळ पावसाच्या भरवशावर एक पीक घेणाऱ्या गावांना दुसऱ्या पिकाचे सारे शास्त्र नव्याने जुळवावे लागले. थंडीत बी उशिरा रुजते, रोप हळू वाढते, पाणीपाळी चुकली तर पुढचे सारे वेळापत्रक कोलमडते. कालवा एका गावाचा नसतो. वरच्या गावाने पाणी किती आणि केव्हा घ्यावे हे खालच्या गावाशी ठरवावेच लागते. समाईक पाण्याने लोकांना एकत्र बसविले, आणि एकत्र बसलेल्या लोकांत पेरणीच्या तारखांपासून खताच्या मात्रांपर्यंत सर्व गोष्टींची देवघेव होणे ओघानेच आले.

कर्जतेहून पळसदरीमार्गे खोपोलीची गाडी धरली. हा लहानसा फाटा १८५६ साली सुरू झाला, तेव्हा आगगाडी येथेच संपत असे. उतारू पालखीत, घोड्यावर किंवा पायी घाट चढून खंडाळ्यास जात आणि तेथून १८५८ पासून पुण्याची गाडी धरीत. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग खुला झाला. त्या कामाचा मक्ता घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज १८५९ मध्ये येथे आल्यावर अल्पावधीतच मरण पावला, आणि त्याची विधवा ॲलिस हिने अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने तो मक्ता तडीस नेला. पंचवीस बोगदे फोडणाऱ्या हजारो मजुरांची नावे मात्र कोठेही नोंदलेली नाहीत. खोपोलीत नाना फडणविसांनी बांधविलेला तलाव आणि त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ पाहिले, की घाटाच्या तोंडाशी असलेल्या या गावाचे वाटसरूंशी नाते रेल्वेहून किती जुने आहे ते ध्यानात येते.

खोपोलीचे आधुनिक पर्व १९१५ साली सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून पोलादी नळांतून खाली आणून येथील वीजगृहाची चाके फिरविण्यात आली, आणि ती वीज तारांवरून थेट मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली. जमशेटजी टाटांनी मनात धरलेली ही योजना त्यांच्या निधनानंतर दोराबजींनी पुरी केली. आज हे वीजगृह ७२ मेगावॉट क्षमतेचे आहे. परंतु माझ्या मनात घोळत राहिली ती दुसरीच गोष्ट. वीज खोपोलीत जन्मली, पण खोपोलीतील मोठे कारखाने प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० च्या दशकात उभे राहिले. तोवर जवळजवळ अर्धशतक ती वीज शेजारच्या गावावरून पुढे जात राहिली. विजेला मुंबई गाठण्यास तार पुरली. हुन्नराला अशी तार नाही. गिरण्यांत विजेवर यंत्रे चालविण्याचे कसब जेथे माणसे होती तेथेच, म्हणजे गिरणगावात, वाढले. जेथे वीज निर्माण होत होती तेथे ते आपोआप उगवले नाही.

ती माणसे येथे आली पुढे कारखान्यांबरोबर. महिंद्र युजीन या कंपनीने युजीन कुलमान या फ्रेंच उद्योगसमूहाच्या सहकार्याने खोपोलीत मिश्रपोलादाचा कारखाना काढला. झेनिथचा पोलादी नळांचा कारखाना आला. इंडियन ऑर्गॅनिक केमिकल्सचा रसायनांचा प्रकल्प आला. पुढे उत्तम गाल्वासारखे पोलादी पत्र्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने आले. फ्रान्समधून आलेले आराखडे आणि तक्ते भट्टीचे तापमान सांगत. परंतु भट्टीतील रसावरचा मळ कोणत्या रंगाचा झाला म्हणजे तो काढावा, हे भट्टीसमोर उभे राहिल्यावाचून कळत नाही. पोलादाचा तुकडा फिरत्या सहाणेला लावला की उडणाऱ्या ठिणग्यांवरून त्यातील कर्ब ओळखता येतो. कर्ब जसजसा वाढतो तसतशी ठिणगी जास्त फुटते, तिला अधिक फाटे येतात, आणि मिश्रधातूंनी तिचा रंग व लांबी बदलते. रासायनिक पृथक्करणाची जागा ही परीक्षा घेऊ शकत नाही, पण ढिगात मिसळलेली चुकीची सळई क्षणात वेगळी काढणारा जाणता डोळा प्रत्येक पोलादाच्या गुदामाला हवा असतो, आणि तो डोळा एका गुदामातून दुसऱ्यात जातो तो माणसाबरोबरच.

खोपोलीच्या बाजारात एका लहान फॅब्रिकेशनच्या कारखान्यात एक निवृत्त फिटर भेटले. ‘काका, तुम्हाला काम शिकविले कोणी?’ असे विचारताच ते म्हणाले, ‘शिकवलं असं कुणी नाही, साहेब. उस्तादाच्या मागे पान्हे उचलत फिरलो. तो हात कुठे थांबवतो तेवढं बघितलं.’ मग फ्लँजचे बोल्ट ओळीने आवळत गेले तर गॅस्केट एका बाजूस दबून गळती होते, म्हणून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्याने आवळावे लागतात, हे त्यांनी मला हातानेच दाखविले. पोलादाच्या कारखान्यातून ते रसायनाच्या कारखान्यात गेले, तेथून एका मक्तेदाराकडे, आणि अखेरीस मुलाबरोबर हे छोटे दुकान त्यांनी काढले. वार्षिक शटडाऊनच्या दिवसांत अशा दुकानांतील फिटर, वेल्डर, रिगर आज या आवारात तर पुढच्या महिन्यात त्या आवारात काम करतात. दोन कंपन्यांचे व्यवस्थापक एकमेकांशी चकार शब्द बोलत नसले, तरी दोन्हींच्या नळवाहिन्यांची दुखणी या एका हाताला ठाऊक असतात. तिकडे सफल झालेला उपाय इकडे येतो तो त्याच हाताने, कोणत्याही कराराशिवाय. कधी सारा विभागच नवे घर करतो. इंडियन ऑर्गॅनिक केमिकल्सच्या संशोधनविभागाच्या पायावर खोपोलीतच इनोव्हासिंथ ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली, ती याच प्रकारची.

माणूस नोकरी सोडून शेजाऱ्याकडे गेला तर मालकाने त्यास अडवावे काय, हा प्रश्न येथे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर आपल्या कायद्याने फार पूर्वी दिले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ अन्वये कोणासही आपला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरतो. नोकरी सुटल्यावर अमक्या धंद्यात जाणार नाही, असे लिहून घेतलेले कागद म्हणून न्यायालयात टिकत नाहीत, मात्र गुपिते उघड न करण्याचे बंधन राहू शकते. हे कलम न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्यावरून घेतले गेले, आणि त्याच मसुद्यावरून त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही तसाच नियम केला. कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली आणि बोस्टनजवळचा रूट १२८ या दोन प्रदेशांची तुलना करून ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये दाखविले, की पहिल्या ठिकाणी माणसे मोकळेपणाने कंपन्या बदलत आणि एकमेकांशी बोलत, म्हणून तो प्रदेश पुढे गेला. त्या मोकळेपणाच्या मुळाशी १८७२ चा तो नियम असल्याचे रोनाल्ड गिलसन यांनी १९९९ मध्ये प्रतिपादिले. तोच नियम खोपोलीच्या फिटरलाही लागू आहे. कायद्याचे दार दोन्हीकडे सारखेच उघडे. फरक पडतो तो त्या दारातून जाणाऱ्याची कदर किती होते यात.

ती कदर न झाल्याची एक कथा घाटातच ऐकावयास मिळते. जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा हा धनगर. कड्याकपारींतून गुरे हिंडविणाऱ्या या माणसाने इंग्रजांना घाटातील वाट दाखविली, आणि बक्षीस काय हवे असे विचारल्यावर देशाचे स्वातंत्र्य मागितले म्हणून त्यास गोळी घातली, असे परंपरा सांगते. वाहनचालक आजही येथे नाणे टाकून पुढे जातात. कागदोपत्री पुरावा काही असो, लोकांनी जपलेले सत्य स्पष्ट आहे. ज्याच्या पायाखालची वाट होती त्याचे ज्ञान घेतले गेले आणि त्याला त्याचे मोल मिळाले नाही. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारे ज्ञान परस्परांच्या देण्याघेण्यावर जगते. एकाच बाजूने घेतले गेले तर पुढच्या खेपेस वाट दाखविणारा उरत नाही.

खालापूर ओलांडून मोहोपाड्याकडे आलो, की पाताळगंगेचे पात्र रुंदावते. खोपोलीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी या नदीत येते आणि म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते. याच पाण्याच्या भरवशावर येथे रसायनांचे आणि कृत्रिम धाग्याचे कारखाने वसले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा रसायनी येथील कारखाना ॲनिलीन, नायट्रोबेंझीन यांसारखी मध्यवर्ती रसायने तयार करी, म्हणजे रंग, औषधे व रबर या धंद्यांना लागणारा पाया देशातच घालण्याचा तो यत्न होता. १९८२ मध्ये रिलायन्सने ड्यू पाँटच्या तंत्रावर पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना काढला. शेजारीच बॉम्बे डाइंगचा डीएमटीचा प्रकल्प उभा राहिला. पॉलिएस्टरकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत, एक डीएमटी या रसायनाची आणि दुसरी पीटीए या रसायनाची. एकाच नदीकाठी या दोन वाटांचे दोन पुरस्कर्ते नांदले, आणि त्यांच्यातील स्पर्धा साऱ्या देशाने पाहिली. शेजार म्हणजे स्नेह नव्हे, हा धडाही येथेच मिळतो. तरीही जुलै १९८९ मध्ये पाताळगंगेच्या पुराने रिलायन्सचा कारखाना चिखलाने भरला, तेव्हा काही आठवड्यांतच तो पुन्हा चालू झाला. यंत्रे उघडून, धुऊन, सुकवून पुन्हा जोडणारे हात ज्या प्रदेशात एकवटलेले असतात तेथेच हे घडते.

हिंदुस्तान ऑर्गॅनिकचा शेवट मात्र मनाला चटका लावणारा आहे. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनी येथील प्रकल्प बंद करण्यास मंजुरी दिली. अपवाद केला तो डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडच्या एका संयंत्राचा, कारण अग्निबाणांच्या द्रवइंधन टप्प्यांत लागणारे हे ऑक्सिडीकारक इस्रोला हवे होते आणि ते संयंत्र तिच्याकडे सोपविण्यात आले. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला विकण्याचे ठरले. अशा वेळी जमिनीची मोजणी होते, यंत्रांची यादी होते, देणीघेणी लिहिली जातात. परंतु नायट्रीकरणाचे पात्र कोणत्या क्षणी तापू लागते हे ओळखणाऱ्या माणसांची यादी कोणीही करीत नाही. त्या एका संयंत्राच्या बाबतीत देशाला ज्ञानाची किंमत कळली, म्हणून ते वाचले. बाकीचे ज्ञान माणसांबरोबर घरोघर निघून गेले.

रसायनांच्या मुलखात एका प्रकारचे ज्ञान मात्र भिंतीआड ठेवणे हाच अपराध ठरतो. १९८४ च्या भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात सुधारणा झाली, आणि धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखानदाराने तिच्यातील धोके व त्यांवरचे उपाय यांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणास आणि आसपासच्या जनतेस देणे बंधनकारक झाले. कायद्याच्या कागदाला येथे माणसांनी हात दिला आहे. घाटात आणि द्रुतगती महामार्गावर रसायनांचे टँकर उलटतात. खोपोलीत ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या नावाने काम करणारे स्वयंसेवक रात्री-अपरात्री धावतात, आणि कोणते रसायन गळत आहे, त्यावर पाणी मारावे की मारू नये, हे सांगण्यास परिसरातील कारखान्यांतील जाणकारांना पाचारण केले जाते. बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कारखान्यांची विद्या तेथे रस्त्यावर एकत्र येते. त्या ठिकाणी उभे राहिले म्हणजे औद्योगिक शेजारधर्म म्हणजे काय ते उमगते.

खोपोलीहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्याने परत फिरलो. पेण हे गणेशमूर्तींचे गाव. तेथील कारखान्यांत हात बसलेल्या माणसांनी हमरापूर, जोहे या गावांत आपले कारखाने थाटले, आणि आज ती गावेही मूर्तींसाठी पेणइतकीच ओळखली जातात. साचे उसने मिळतात, रंगांची प्रमाणे कळतात. डोळ्यांची आखणी मात्र वर्षानुवर्षे जाणत्या हाताशेजारी बसूनच येते. मातीच्या मूर्तीपासून अग्निबाणाच्या द्रव्यापर्यंत पायथ्याच्या या साऱ्या धंद्यांत मला एकच नियम दिसला. वस्तूत उतरलेले ज्ञान बाजार वाहून नेतो, कागदावर उतरलेले ज्ञान विद्यालय वाहून नेते. परंतु हातात व डोळ्यांत मुरलेले ज्ञान शेजाराशिवाय आणि माणसाच्या सन्मानाशिवाय एक कोसही पुढे सरकत नाही.

म्हणून एक सूचना मनापासून करावीशी वाटते. भाताच्या ज्ञानासाठी कर्जतेस शंभराहून अधिक वर्षे एक सार्वजनिक स्थान आहे, जेथे कोणत्याही शेतकऱ्याने जाऊन विचारावे. धातू आणि रसायने यांच्या हुन्नरालाही खोपोलीत किंवा मोहोपाड्यात असेच स्थान लाभावे. एक पडवी, एक लेथ, वेल्डिंगची जोडणी, आणि संध्याकाळच्या वेळी मानधनावर येणारे निवृत्त फिटर, भट्टीवाले व संयंत्रचालक, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. नगरपरिषद, उद्योजकांच्या संघटना आणि औद्योगिक विकास महामंडळ यांनी खर्च वाटून घ्यावा. कंपन्यांनी आपली गुपिते राखावीत, पण बोल्ट आवळण्याची, ठिणगी ओळखण्याची आणि गळती थांबविण्याची विद्या मोकळी करावी. ज्यांच्या जमिनींवर धरणे, रस्ते आणि कारखाने उभे राहिले त्या गावांतील मुलांना, आणि ठाकूर व कातकरी वाड्यांतील ज्या तरुणांना आज हेल्परच्या पलीकडे वाट दिसत नाही त्यांना, तेथे पहिला प्रवेश असावा. आणि एखादा कारखाना बंद होईल तेव्हा यंत्रांच्या यादीबरोबर त्यातील जाणत्या माणसांचीही यादी व्हावी. हे शिकवू शकणारी माणसे कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत आज हयात आहेत, आणि ती आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.